पोषण आहाराचं काम नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी

मॅडम, आधी वजनकाटा मागून घ्या. पहिली ते पाचवीला मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ-कडधान्य 20, भाजी 50, तेल 5. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. म्हणजे पाचवीपर्यंतच्या 60 मुलांना 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी. अंदाजपंचे काम चाललं की आधी भाजीच कमी होते. त्यामुळे ती शिजवण्याआधी, निवडून झाल्यावर तोला. मोठ्या फोडी मुलं ताटाबाहेर काढतात. गाजर, दुधी किसूनच घाला, पालेभाजी बारीक चिरून.

हरभरा, वाटाणा रात्रीच भिजत घालायला सांगा. सकाळी घातला तर कच्चा राहतो आणि पोटं दुखतात.

वाढताना खरी मेख आहे. आमटीत डाळ तळाशी बसते, म्हणून पहिल्यांना पाणी मिळतं. खिचडीत उलट, शेवटच्यांच्या ताटात करपलेलं येतं. दर दोन-तीन ताटांमागे डाव तळापासून फिरवा, आणि पंगतीची सुरुवात रोज वेगळ्या वर्गापासून करा. मुली कायम शेवटी, असं नको.

पंगत एकच. जात बघून बसवणं किंवा वाढणं अजिबात चालवून घेऊ नका, पालक कितीही कुरकुरले तरी. गृहपाठ नाही म्हणून जेवण रोखणं ही शिक्षाच झाली, आणि मुलांच्या मानसिक छळाला 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात मनाई आहे. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला ‘खादाड’ म्हणू नका. तो घरून उपाशी आलेला असू शकतो.

चव मात्र वाढण्याआधी घ्या, आणि नोंदवहीत लगेच लिहा.