अम्ब्रेला पामला पाण्यात उभं राहू द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीने गृहप्रवेशाला दिलेलं हे अम्ब्रेला पाम चार महिने हॉलच्या कोपऱ्यात आहे. बोट खुपसून बघता, माती कोरडी लागली तरच कपभर पाणी घालता. तरी दांड्यांच्या माथ्यावर छत्रीसारख्या पसरलेल्या काड्यांची टोकं तपकिरी झाली, पाच दांडे पिवळे पडले, आणि आता तुम्हाला वाटतंय की पाणी जास्त होतंय. फोटो नीट बघितला. पाणी जास्त नाही, फारच कमी होतंय. झाड तहानेनं सुकलंय.

तुमची यात चूक नाही. घरातल्या झाडांबद्दल आपल्याला सगळेच सांगतात की पाणी जपून घाला, मुळं कुजतील. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड यांच्यासाठी ते बरोबरच आहे. माझं पहिलं अम्ब्रेला पाम मीही याच सल्ल्यानं वाळवलं होतं, आणि त्याची हळहळ अजून आहे, कारण ते अगदी भरलेलं, कमरेएवढं झाड होतं.

नर्सरीत याला पाम म्हणतात, पण हा पाम नाही आणि खरं म्हणजे गवतही नाही. हे लव्हाळं आहे. छत्रीच्या जरा खाली दांड्यावरून बोट फिरवा, बोथट अशा तीन कडा लागतील. गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात आणि बहुतेक वेळा ती आतून पोकळ असते. याला पेर नाही. पिवळा दांडा कापाल तेव्हा तो आडवा धरून बघा: आत भेंडासारखा पांढरा, हलका गर दिसेल. त्या गरात हवेच्या बारीक वाटा असतात आणि त्यांतून मुळांपर्यंत हवा पोहोचते. म्हणून दुसऱ्या झाडाची मुळं ज्या चिखलात गुदमरतील, तिथे हे मजेत वाढतं. मूळचं ते मादागास्करकडचं, ओढ्याकाठी आणि दलदलीत वाढणारं. दिवाळीच्या उटण्यात आपण घालतो तो नागरमोथा याचाच भाऊबंद, आणि इजिप्तमध्ये ज्याच्यापासून लिहायचा कागद करत तो पपायरसही याच कुळातला.

आता आधी काय करायचं ते सांगते. उद्या सकाळी कुंडी बादलीत ठेवा आणि मातीच्या वर दोन बोटं येईल इतकं पाणी भरा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू द्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण नर्सरीच्या कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर असतं. ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेकडेनं खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तुमचं कपभर पाणी बहुधा असंच वाया गेलंय.

नंतर कुंडी खोल बशीत ठेवा आणि बशीत कायम दोन-तीन सेंटीमीटर पाणी असू द्या. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा थोडं कमी चालेल, पण माती सुकू द्यायची नाही.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. बशीतलं साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. आमच्या सोसायटीत एका पावसाळ्यात तीन घरांत डेंग्यू झाला, तेव्हापासून मी रविवार ठरवून टाकलाय. त्या दिवशी बशी पूर्ण ओतायची आणि घासणीनं आतून घासायची. नुसती ओतून भागत नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते, ती कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. गावाला जाणार असाल तर बशीत काठोकाठ जाड वाळू भरा आणि ती ओली करून ठेवा. उघडं पाणी दिसत नाही, झाडाला ओल मिळते.

जागाही बदलावी लागेल. सोफ्यामागचा कोपरा फोटोत छान दिसतो, पण तिथे उजेड नाही. म्हणूनच नवे दांडे बारीक येऊन एका बाजूला कलंडलेत. पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम, सकाळचं दोन-तीन तास ऊन याला आवडतं. पश्चिमेच्या काचेला लागून मात्र एप्रिल-मेमध्ये ठेवू नका, छत्र्या करपतात. एसीचा आणि पंख्याचा झोतही थेट नको.

टोकं वाळण्याचं दुसरं कारण पाण्यातले क्षार असू शकतात. मातीवर पांढरट थर दिसतोय, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असावं. महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन चार-पाच तांबे पाणी आरपार जाऊ द्या आणि ते खालचं पाणी टाकून द्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र याला कधीच घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

पिवळे दांडे पुन्हा हिरवे होत नाहीत. छत्री म्हणून दिसतात ती खरी पानं नव्हेत, ती फुलोऱ्याखालची पानांसारखी छदं आहेत. खरी पानं दांड्याच्या बुडाशी नुसत्या तपकिरी खोळी होऊन राहिलेली असतात. त्या दांड्यावर दुसरी छत्री येत नाही. तेव्हा पिवळे पाचही दांडे बुडापासून कापा. नवे येतील ते मातीतूनच, हिरव्या टोकदार सुईसारखे. एका उन्हाळ्यात मी दहा दिवस गावी राहिले आणि परत आले तर झाड पार गवताच्या पेंढीसारखं वाळलं होतं. सगळं मातीलगत कापलं, कुंडी पाण्यात ठेवली, आणि तिसऱ्या आठवड्यात सात कोंब मोजले.

खताची घाई नको. पहिले नवे कोंब वीतभर झाले की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं मिश्र खत लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, इतकं पुरे. शेणखत किंवा गांडूळखत वरून टाकलं तर सतत ओल्या मातीत वास येतो आणि चिलटं होतात. ते कुंडी बदलताना मातीत मिसळा. कुंडी जूनमध्ये बदला. मुळांचा गच्च गोळा होतो, तो करवती सुरीनं उभा कापावा लागतो. कडेचे ताजे कोंब असलेले भाग ठेवा, मधला जुना भाग काढून टाका. माती पोयट्याची, पाणी धरणारी असू दे.

उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण ही कीड छत्रीच्या मधोमध, काड्या जुळतात तिथे बसते. नळाखाली छत्री उलटी करून जोरात धुतली की बहुतेक निघून जाते.

आणि एक, हे नक्की करून बघा. झाड सावरलं की एक चांगली हिरवी छत्री चार बोटं दांड्यासकट कापा. काड्या कात्रीनं निम्म्या करा आणि छत्री उलटी, दांडा वर करून, वाटीभर पाण्यात ठेवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून पांढरी मुळं आणि बारीक हिरवे कोंब येतात. मुळं बोटभर झाली की लावून टाका. पिवळ्या दांड्याची छत्री यासाठी घेऊ नका, ती पाण्यात सडते.