ऑपरेशनआधीचं 'शेवटचं खाणं' आणि नंतरचा रिकामा अर्धा तास

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ते स्लीव्हचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर आलंय. तारीख ठरल्यापासून रोज काही ना काही "हे शेवटचं" म्हणून खाणं चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा "मी टेन्शनमध्ये वगैरे खात नाही" असं ठोकून दिलंत, आणि आता रात्री भीती वाटते की खाणंच गेलं तर आपल्यापाशी उरणार काय. शिवाय ही खा-खा ऑपरेशननंतर कायमची जाईल का, असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही जात. काही महिने गप्प बसते, मग परत येते. माझ्या स्लीव्हला आता सात वर्षं होतील. शेहेचाळीस किलो उतरले, त्यातले नऊ परत चढले, आणि ते नऊ का चढले हे कळायला मला उतरलेल्या शेहेचाळिसांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

"शेवटचं खाणं" मीही केलं. तीन आठवडे जोरात. चार किलो वाढले. मग ऑपरेशनच्या आधीचा दोन आठवड्यांचा कमी कॅलरीचा आहार सुरू झाला तेव्हा जीव मेटाकुटीला आला. हा आहार शिक्षा म्हणून देत नाहीत. आपल्यासारख्यांचं यकृत बहुधा चरबीने फुगलेलं असतं आणि ते जठराच्या अगदी वर येतं. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला ते उचलून धरावं लागतं. दोन आठवड्यांत ते आकसलं की जागा मिळते आणि धोका कमी होतो. तेव्हा निदान ते दोन आठवडे तरी पाळाच.

पण मला सांगायचंय ते वेगळं. ज्या-ज्या पदार्थांना मी तेव्हा निरोप दिला, ते सगळे मी आज खाऊ शकते. दोन घास, चार घास, पण खाऊ शकते. एकही कायमचा गेला नाही. मग गेलं काय? गेलं ते प्रमाण. आणि त्या प्रमाणामुळे येणारी ती सुस्ती, डोकं बधिर करून टाकणारी. पोट तडस लागेपर्यंत भरलं की दिवसभराचं सगळं लांब गेल्यासारखं वाटायचं ना, ती गेली. मी निरोप भलत्याच गोष्टीला देत बसले होते.

माझं खरं खाणं जेवणाच्या टेबलावर कधीच नव्हतं. ते गाडीत होतं. काम संपलं की घराच्या अलीकडे एका ठिकाणी गाडी लावायची, काच वर करायची आणि अर्धा तास खायचं. मग कागद-पिशव्या टाकून घरी जाऊन पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायचं. हे बारा-तेरा वर्षं कुणाला माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, नुकतीच कामावर रुजू झालेली, सवयीने गाडी तिथेच लावली. हातात पाण्याची बाटली. घोटघोट पाणी पीत बसले आणि रडायला लागले. भूक नव्हती हो. भुकेचं नावसुद्धा नव्हतं. नुसता अर्धा तास समोर पडलेला होता आणि त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी उमगलं की त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नसे. ऑफिस मागे पडलेलं, घर अजून यायचं. खाणं हे तिथे बसण्यापुरतं निमित्त. काही न करता नुसतं बसायची मला लाज वाटली असती, खायची वाटली नाही. आजही मी तिथे गाडी लावते. घरी सांगून ठेवलंय की मी अर्धा तास उशिरा येते, का ते विचारू नका.

तुमचा असा 'अर्धा तास' कुठला आहे ते या पाच आठवड्यांत शोधा, एवढंच मी मागेन. एक वही करा. कॅलरी लिहू नका, ते तुमचे आहारतज्ज्ञ बघतील. काय खाल्लं हेही लाज वाटत असेल तर सोडून द्या. खाण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं तेवढं लिहा. कुणाचा फोन आला, कोण घरात होतं, कुठे बसला होता. आठवडाभरात तीच दोन-तीन कारणं आलटून पालटून दिसायला लागतील. ती कारणं ऑपरेशन टेबलावरून जशीच्या तशी उठून तुमच्याबरोबर घरी येणार आहेत.

कारण ऑपरेशन होतं ते जठराचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. (हे संप्रेरक 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं.) शिवाय पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. म्हणून सुरुवातीला भूक मेल्यासारखी वाटते. ज्याला आपण आयुष्यभर स्वतःचा कमकुवतपणा समजलो, त्यात शरीराचा केवढा हात होता हे तेव्हा कळतं, आणि मला त्याचा जरा रागच आला होता. बायपासची (हृदयाचं नव्हे, जठर छोटं करून आतड्याला जोडायचं वजनाचं ऑपरेशन) कथा तर त्याहून गमतीची. 1966 मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी वजनासाठी ते पहिल्यांदा केलं. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जाई त्यांचं वजन नंतर वाढत नाही, या निरीक्षणातून ते सुचलं. म्हणजे मुळात कल्पना आली ती जखमी जठराच्या रुग्णांवरून. गाडीत बसून खाणाऱ्या बाईचा विचार त्यात कुठून असणार!

तर ही शांतता साधारण वर्षभराची धरा, कुणाला कमी, कुणाला जास्त. तेवढ्या काळात दोन भुका वेगळ्या ओळखायला शिका. पोटाची भूक हळूहळू चढते आणि मिळेल त्यावर भागते. डोक्यातली भूक एकदम येते आणि एकाच पदार्थाचं नाव घेऊन येते. माझी कसोटी साधी आहे: उकडलेलं अंडं चालेल का? चालत असेल तर भूक खरी, खाऊन घ्यायचं. "अंडं नको, तेच पाहिजे" असं आतून आलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय, आधी ते बघू. दर वेळी मी जिंकते असं नाही. पण निदान कुणाशी भांडतेय ते माहीत असतं.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांचं फार सांगत नाही, तुम्हाला छापील कागद मिळेलच. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. टाके भरून यायचे असतात म्हणून हा क्रम असतो. "मला बरं वाटतंय" म्हणून पुढच्या पायरीवर उडी मारू नका. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांना "हे काय करून बसलो" असं वाटतं. मला खाण्याची स्वप्नं पडायची. स्वप्नात खाऊन मी दचकून उठत असे, टाके उसवले की काय म्हणून. ते ओसरतं. मन खूपच खचलं, जगणं नकोसं वाटायला लागलं तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. खाण्याचा आधार एका झटक्यात काढून घेतल्यावर असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

जेवायची पद्धत मात्र नव्याने शिकावी लागते. घास नखाएवढा, चावून चावून लगदा, जेवणाबरोबर पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, आणि आधी प्रोटीन. आधी पोट भरल्याचं मला कधी कळायचंच नाही, एकदम "फार झालं" तेवढंच कळायचं. आता मला नाकाला पाणी येतं. खरंच! कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाला छातीत दाटल्यासारखं होतं. तुमची खूण कुठली ते पहिल्या काही महिन्यांत लक्षात येईल. त्या खुणेनंतरचा एक घास फार महागात पडतो. चौथ्या महिन्यात एका समारंभात शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "एवढंसंच?" मी ओशाळून भराभर पाव तोंडात कोंबला. पुढची चाळीस मिनिटं न्हाणीघरात, तोंडातून फेसाळ लाळ, छातीत कळ, आणि बाहेर लोक दार वाजवतायत. तो पाव मी भुकेपोटी खाल्ला नव्हता, जिभेपोटीही नव्हता. त्या बाईंना बरं वाटावं म्हणून खाल्ला होता. माझ्या वहीत तोही एक मोठा धडा निघाला: दुसऱ्यांसाठी खाणं. आता "एवढंसंच?" ला "हो, एवढंच" म्हणते आणि हसते. खुलासा देत नाही. ऑपरेशनबद्दल कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

जवळच्या माणसांचं अवघड जातं. माझी मोठी बहीण आणि मी एकत्र खाऊनच मोठ्या झालो. आमच्या सगळ्या गप्पा ताटावरच्या. ऑपरेशननंतर तिने मला जेवायला बोलावणं हळूहळू बंद केलं. तिला वाटे, मला त्रास होईल. मला वाटे, ती रागावली. सहा महिने दोघी गप्प. शेवटी मीच म्हटलं, ताई, तू जेव, मी समोर बसते, चार घास मीही खाईन. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं दोघींना. तुमची अशी खाण्यातली जोडीदार कोण असेल तर तिच्याशी आत्ताच बोला, नंतर अढी बसते.

आता त्या नऊ किलोंची गोष्ट. दुसऱ्या वर्षी भूक परतली. ताट भरून खाणं तर शक्यच नव्हतं, पण आइस्क्रीम, बिस्किटं, चिप्स यांना ते बंधन नसतं. चावून विरघळतात आणि नळीतून सरकतात, पोट भरल्याचं कळतच नाही. येता-जाता तोंड चालू. एका वेळी दोन बिस्किटं, पण दिवसातून बारा वेळा. आणि कुठे? गाडीत. तेव्हा कळलं की अर्धा तास मी मोकळा केलाच नव्हता, पोट लहान होतं म्हणून तो उपाशी राहिला होता इतकंच. सर्वांत कमी वजन बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत येतं आणि नंतर थोडं परत चढणं पुष्कळांच्या बाबतीत होतं. ते समजून घ्यायच्या ऐवजी मी लाजेने तपासणीलाच जाणं बंद केलं. तसं करू नका.

एक इशारा, खाण्यापलीकडचा. खाण्याची जागा रिकामी झाली की तिथे दुसरं काहीतरी येऊन बसू शकतं. कुणी खरेदीच्या मागे लागतं, कुणी दारूच्या. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, स्लीव्हनंतरही आधीसारखी राहत नाही. दारूची समस्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षात वाढलेली दिसते, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातही आलंय. तुम्ही आज पीत नसाल तरी हे लक्षात असू द्या.

गोळ्या आयुष्यभर: बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जे सांगतील ते, आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी. उलट्या सतत होत राहिल्या तर घरी काढू नका, बी-1 कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात.

खाण्यातली मजा उरते का? उरते. पहिल्या तीन घासांत सगळी असते. आधी मी तिसऱ्या घासापर्यंत तिसाव्याकडे डोळे लावून बसलेली असायची, त्यामुळे पदार्थाची चव अशी कधी घेतलीच नव्हती. काही आवडी बदलतात. मला अतिगोड आता नकोसं होतं, ते कधीतरी बदलेलही.

आणि मानसोपचारतज्ज्ञांशी खोटं बोललात ते. मीही बोलले होते. नापास करतील आणि ऑपरेशन रद्द होईल, हीच भीती. पण भावनेपोटी खाणं हे आपल्यात इतकं सर्रास आहे की तेवढ्यावरून बहुतेक वेळा कुणी नाही म्हणत नाही. फार तर आधी उपचार सुरू करतात किंवा तारीख थोडी पुढे ढकलतात. अजून पाच आठवडे आहेत. परत वेळ घ्या. तोंडाने सांगणं जड गेलं तर वहीचं ते पान उघडा आणि टेबलावरून नुसतं पुढे सरकवा. मी तसंच केलं, फक्त ऑपरेशननंतर अडीच वर्षांनी.