भाऊ वहिनीला मारतो. नणंद म्हणून मी तक्रार करू शकते का? सरकारी यंत्रणेकडे गेल्यावर पुढे नेमकं काय होतं?

तक्रार करू शकता. मी केली आहे, सख्ख्या थोरल्या भावाच्या विरोधात. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम ४: एखाद्या बाईवर घरात अत्याचार झालाय किंवा होण्याची भीती आहे असं ज्याला वाटतं, तो संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली बाईला मदत करायला सरकारने नेमलेला माणूस) कळवू शकतो, प्रामाणिकपणे कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर काही शेकत नाही. शेजारीण असो, मैत्रीण असो की नणंद.

एवढं लिहून थांबले असते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की घर आईच्या नावावर आहे आणि आई म्हणते, "ती कोर्टात गेली तर पहिली तीच रस्त्यावर येईल." आमच्याकडे हे वाक्य मामांचं होतं. आईचे थोरले भाऊ. उभी नोकरी कचेरीत गेली, त्यामुळे सातबारा असो की सोडचिठ्ठी, कायदा काय तो त्यांनाच कळतो, अशी त्यांची आणि आईची दोघांचीही खात्री.

२०१८ ची गोष्ट. दादा आधीपासूनच हात उचलायचा, त्या वेळी वहिनीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. दवाखान्यात ती "न्हाणीघरात पाय घसरला" म्हणाली. मी शेजारी उभी होते. म्हटलं, "घसरला नाही, मारलंय." डॉक्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, आणि त्यांनी तसं लिहिलं. पुढे कोर्टात सगळ्यात जास्त कामाला आला तो हा केसपेपर. माझं बोलणं नाही, शेजाऱ्यांचं नाही, तो कागद.

पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घेतली आणि आम्हाला त्यांच्याच महिला कक्षात पाठवलं. तिथे समुपदेशन म्हणजे दादाला दम, वहिनीला "भांड्याला भांडं लागायचंच", आणि शेवटी शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं की यापुढे मारहाण करणार नाही. मजकूर मामांनी सांगितला होता. त्यात वहिनीने "विनाकारण माहेरी जाऊ नये" हेही घालून घेतलं त्यांनी. दादाने बाँड मोडला तर काय, याची मात्र एक ओळ नाही. अशा बाँडला काडीची किंमत नसते. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे पोलिसांनी बाईला सांगायचं असतं की संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील मिळतो, ४९८ अ खाली, म्हणजे नवरा-सासरच्यांच्या छळाच्या फौजदारी कलमाखालीही तक्रार करता येते. आम्हाला कोणी चकार शब्द सांगितला नाही. असा काही अधिकारी असतो हे मला कळलं ते अंगणवाडीच्या ताईंकडून.

बाँडनंतर महिना गेला नाही तोच परत तेच. या वेळी वहिनीला घेऊन मी थेट आमच्या संरक्षण अधिकारी मॅडमकडे गेले.

मॅडमकडे संरक्षण अधिकाऱ्याचं काम अतिरिक्त कार्यभार म्हणून होतं. टेबलावर दुसऱ्याच कामाच्या फायलींचा ढीग. पण बाई चांगली होती. घटना अहवालाचा छापील नमुना काढला आणि एकेक रकाना वाचून विचारत गेली. तो नमुना बघण्यासारखा आहे. मारहाणीचे प्रकार आहेतच, शिवाय चारित्र्यावर संशय, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, हुंड्यावरून अपमान, घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं, हे सगळं छापलेलं आहे. वहिनी काही रकान्यांवर म्हणाली, "हेपण लिहायचं असतं?"

लैंगिक हिंसेचा रकाना आला तेव्हा मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी ज्याची बहीण, त्याच्याबद्दल ती माझ्यासमोर काय बोलणार होती? परत आत गेले तेव्हा त्या रकान्यात खुणा झालेल्या होत्या. मी त्याबद्दल तिला कधी विचारलेलं नाही. नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार नाही. बलात्काराचा कायदा सुधारायला सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये तो अपवाद काढून टाका म्हणून लिहून दिलं. सरकारने त्या वर्षी कायदा बदलला, बाकीचं बरंच घेतलं, हे नाही घेतलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही अपवाद कायम. त्यामुळे त्या प्रकाराला सरळ नाव देणारा सरकारी कागद बायकोच्या हाती जवळपास हा एकच. भरताना घाई करू नका, आणि कृपा करून तुम्ही तिथे बसू नका.

मग कोर्टात अर्ज गेला. त्याची नोटीस बजावायची ती संरक्षण अधिकाऱ्यानेच, कायद्याप्रमाणे दोन दिवसांत. मॅडमना ना गाडी ना शिपाई. दादा घरात बसून आईकडून "नाही" म्हणून सांगायचा. शेवटी मीच कळवलं की रात्रपाळी करून तो सकाळी झोपलेला असतो. त्या सकाळी आल्या, उठवला, नोटीस हातात दिली, सही घेतली. आई त्या दिवसापासून बरीच वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कोर्टाचं म्हणाल तर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे समोरच्या वकिलांचा 'से', म्हणजे लेखी उत्तर, यायलाच पावसाळा संपला. आणि आला तो बात्रा निकाल घेऊन. कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला अमलात आला आणि दोन महिने व्हायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. बात्रा प्रकरणात सांगितलं की सासूच्या मालकीचं घर हे 'सामायिक घर' नाही, सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येणार नाही. आमचं घर आईच्या नावावर. मामांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय वकीलीणबाई, आता?"

घरात राहायचा आदेश मिळाला नाही. मिळाला तो संरक्षण आदेश (दादाने पुन्हा मारहाण करू नये, त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम), तिची आणि मुलीची खावटी आणि वेगळ्या जागेचं भाडं. पुढे पुराव्याला मी उभी राहिले तेव्हा उलटतपासात विचारलं गेलं, "आईच्या घरात हिस्सा पाहिजे म्हणून भावाविरुद्ध खोटं बोलताय ना?" प्रश्न वकिलाच्या तोंडातून आला तरी कुणाचा होता ते मला कळलं. लग्नकार्यात मामा आजही हेच सांगत फिरतात. हिस्सा मी मागितलेला नाही आणि कायद्याने जेव्हा मिळायचा तेव्हा सोडणारही नाही, हे इथे लिहून ठेवते.

वहिनीने त्या आदेशाची प्रत लॅमिनेट करून घेतली. एका रात्री दादा पिऊन तिच्या भाड्याच्या खोलीवर आला आणि दाराला लाथा घालायला लागला. पोलीस आले. एनसी लिहून घेणारं तेच ठाणं. पण या वेळी प्रत ठाण्यात आधीच पोचलेली होती आणि हिने खिडकीतून ते लॅमिनेट केलेलं पान पुढे केलं. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हवालदारांनी बॅटरीच्या उजेडात तारीख आणि शिक्का बघितला आणि त्याला गाडीत घातलं. त्यानंतर तो त्या गल्लीत फिरकलेला नाही. मामांच्या बाँडने हे झालं असतं का?

म्हणून माझं मत आहे ते सांगते. बाईला वाचवणारी गोष्ट म्हणजे डोक्यावर छप्पर, हातात एक आदेश आणि तो आदेश मिळवून देणारा एक पगारी माणूस. सरकारला मात्र शिक्षा वाढवायला आवडतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. एखादी भयंकर घटना घडली की फाशीच्या घोषणा होतात आणि तालुक्याच्या मॅडम पूर्वीसारख्याच दोन टेबलांचं काम एका खुर्चीत बसून करतात. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, हे राज्यांना सांगायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. कायदा होऊन वीस वर्षं होत आली होती! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती, आणि मागितली ती सर्वांत जास्त माहेरच्यांकडे. सरकारी टेबलापर्यंत पोचणाऱ्या किती थोड्या, याचा अंदाज करा.

आता तुमच्या आईंचा मुद्दा. बात्रा निकाल आता चालत नाही. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो चुकीचा ठरवला. सून जिथे संसार करत राहिली ते घर सासूचं असो वा सासऱ्याचं, ते सामायिक घर ठरू शकतं. मी ती बातमी मामांना पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मग त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सल्ला दिल्याचं कानावर आलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज टाका, सून आपोआप बाहेर. तेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एस. वनिता प्रकरणात कोर्टाने अडवलंय: त्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट उडवता येत नाही. मामांनी आता तरी सल्ले द्यायचं बंद करावं.

याचा अर्थ घर वहिनीचं झालं असा नाही. मालकी आईचीच राहते, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार कोर्ट करतं, आणि घराऐवजी भाडं किंवा दुसरी जागा द्यायला सांगू शकतं. पण रीतसर प्रक्रिया केल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. आणि आईंना जी खरी धास्ती असेल तिचं उत्तर कलम १९ मध्येच आहे. घर सोडून जायचा आदेश कोर्ट तुमच्या भावाला देऊ शकतं, घरातल्या कुठल्याही बाईला देऊ शकत नाही. हे आईंना वाचून दाखवा.

भावाला अटक होईल का, असंही तुम्ही विचारलंय. या कायद्याखाली नुसत्या अर्जाने होत नाही. ४९८ अ, म्हणजे आताचं न्याय संहितेचं कलम ८५, तो वेगळा रस्ता आहे. तिथेही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलीस सरसकट उचलत नाहीत. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. आम्ही एकच धरला, त्यामागे वहिनीची कारणं होती, ती तिची आहेत.

काही गोष्टी राहिल्या. मी वकील नाही. प्रत्येक तालुक्याची तऱ्हा वेगळी. आमच्या मॅडमसारख्या मॅडम मिळतीलच असं नाही. मिळाल्या नाहीत किंवा खुर्ची रिकामी असेल तर वहिनी थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करू शकते, त्यांच्या अहवालावाचून अर्ज अडत नाही, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. सगळे महिला कक्षही बाँड लिहून घेणारे नसतात. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर जो विशेष कक्ष सुरू केला आणि जो पुढे राज्यभर पसरला, तिथल्या समाजसेविका बाईच्या बाजूने बसतात. तुमच्या जिल्ह्यात असेल तर तिथे जा. रात्री-अपरात्री जिवावर बेतलं तर हे सगळं विसरून ११२ लावा. नुसती माहिती हवी असेल तर १८१. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी वहिनीला विचारा. कळवायला कायद्याने तुम्हाला मुभा आहे, पण रात्री त्या घरात तिला झोपायचं आहे. ती आत्ता नको म्हणाली तर नको. तोवर केसपेपर, जखमांचे फोटो, भावाचे मेसेज एका जागी जमवा, आणि ती जागा तुमच्या घराबाहेरची असू द्या. तिचा फोन कोण उघडून बघतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.