मूत्रपिंड अमोनिया गाळत नाही, तयार करते

प्रश्न : रक्तातील विषारी अमोनिया मूत्रपिंडे गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात, अशी माझी समजूत आहे. माझ्या वडिलांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत आहेत. त्यांच्या अहवालात युरिया वाढलेला दिसतो, परंतु अमोनियाची तपासणी डॉक्टरांनी कधीच सांगितली नाही. असे का?

उत्तर : प्रथिनांच्या विघटनातून निघणाऱ्या अमोनियाचे विषारीपण घालवण्याचे काम प्रामुख्याने यकृताचे आहे. यकृत त्याचा युरिया बनवते आणि तो युरिया मूत्रपिंडे गाळतात. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तात युरिया साचतो. अमोनिया साचतो तो मुख्यतः यकृत बिघडल्यावर. आपल्या वडिलांच्या डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली नाही, यात वावगे काही नाही.

तरीही लघवीत अमोनिया असतोच, आणि तो येतो कोठून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२१ मध्ये नॅश आणि बेनेडिक्ट या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत असे दाखवले की, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तापेक्षा तेथून परतणाऱ्या शिरेतील रक्तात अमोनिया अधिक असतो. मूत्रपिंड केवळ अमोनिया गाळत असते, तर याच्या उलट दिसायला हवे होते. म्हणजे हा अमोनिया मूत्रपिंडातच तयार होतो. पुढे १९४३ मध्ये व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मुख्य स्रोत रक्तातील ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल असल्याचे दाखवून दिले.

एक विषारी पदार्थ मूत्रपिंडाने मुद्दाम तयार का करावा, याचे उत्तर आम्लाच्या हिशेबात आहे. आहारातील प्रथिनांपासून प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल मोजण्याचे एकक) एवढे असे आम्ल तयार होते, जे श्वासावाटे बाहेर टाकता येत नाही. ते शमवताना रक्तातील बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाचा प्रभाव नाहीसा करणारा क्षार, खर्ची पडते. लघवीचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ च्या खाली जाऊ शकत नसल्यामुळे हे आम्ल मोकळ्या स्वरूपात टाकून देणे शक्य नसते. त्याला वाहून नेणारा पदार्थ लागतो. फॉस्फेट हे काम काही प्रमाणात करते, परंतु त्याचा पुरवठा मर्यादित असतो. अमोनियाचे उत्पादन मात्र गरजेप्रमाणे वाढवता येते. अमोनियाला आम्लातील हायड्रोजन जोडला गेला की त्याचा अमोनियम होतो; एरवी दिवसाला ३० ते ४० मिलिमोल एवढा अमोनियम लघवीतून जातो. रक्तातील आम्लता दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर निरोगी मूत्रपिंड काही दिवसांत हे प्रमाण अनेक पटींनी वाढवू शकते.

मूत्रपिंडातील सूक्ष्म मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशी ग्लुटामाइनच्या एका रेणूपासून अमोनियमचे दोन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन तयार करतात. बायकार्बोनेट रक्तात परत जाते आणि अमोनियम नलिकेत सोडला जातो. तेथून तो सरळ बाहेर जात नाही. नलिकेचा पुढचा वर चढणारा जाड भाग त्याला पोटॅशियमच्या जागी उचलून पुन्हा शोषून घेतो आणि त्यामुळे मूत्रपिंडाच्या आतल्या भागात त्याचा साठा होतो. शेवटी संग्राहक नलिकेच्या पेशी त्याला अमोनियाच्या रूपात आत घेतात. हे काम करणारी प्रथिने रक्तगटातील आरएच घटकाच्याच कुळातील आहेत, हे वाचून मला आजही आश्चर्य वाटते. त्याच पेशी नलिकेत आम्लही सोडत असल्याने तेथे पोचलेल्या अमोनियाचा अमोनियम होतो, आणि त्याला मागे फिरणे कठीण होते.

तयार झालेला सगळाच अमोनिया लघवीत जात नाही. एरवी सुमारे निम्मा भाग शिरेवाटे रक्तात परततो. हा भाग यकृतात पोचला की युरिया बनताना तेवढेच बायकार्बोनेट खर्च होते, म्हणजे मूत्रपिंडाने कमावलेले तेथे संपते. म्हणून शरीराला बायकार्बोनेटचा खरा लाभ लघवीवाटे गेलेल्या अमोनियमपुरताच होतो. आम्लता वाढली की मूत्रपिंड उत्पादन तर वाढवतेच, शिवाय त्यातला मोठा वाटा लघवीकडे वळवते.

प्रश्न : मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या का देतात?

उत्तर : या विकारात काम करणाऱ्या मूत्रनलिकांची संख्या घटत जाते. उरलेल्या नलिका प्रत्येकी पूर्वीपेक्षा अधिक अमोनिया तयार करतात, तरीही एकूण बेरीज कमीच पडते, आणि बायकार्बोनेटची रोजची झीज भरून निघत नाही. या आम्लतेचा परिणाम हाडांवर आणि स्नायूंवर होतो. गोळ्या ही तूट बाहेरून भरून काढतात. त्यांच्यासोबत सोडियमही शरीरात जात असल्यामुळे सूज, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत किंवा वाढवू नयेत.

प्रश्न : यकृताचा सिरॉसिस असलेल्या नातेवाइकांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनंतर भ्रम झाला. डॉक्टरांनी प्रथम पोटॅशियम तपासले. त्याचा अमोनियाशी काय संबंध?

उत्तर : संबंध निकटचा आहे. रक्तातील पोटॅशियम कमी झाले की मूत्रपिंडाच्या पेशी अधिक अमोनिया तयार करू लागतात, आणि त्यातला जो भाग रक्तात परततो त्याचा निचरा करण्याची क्षमता आजारी यकृतात नसते. हा अमोनिया मेंदूपर्यंत पोचून गुंगी, भ्रम किंवा हातांची विशिष्ट थरथर निर्माण करू शकतो. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे, तसेच उलट्या व जुलाब यांमुळे पोटॅशियम घटते. अशा रुग्णाच्या वागण्यात किंवा झोपेच्या वेळांत अचानक बदल दिसला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.