हत्ती, गेंडे, सांबरांमुळे जंगल टिकतं की उजाड होतं?

प्रश्नात तुम्ही ‘उजाड’ म्हणालात म्हणून लिहितोय. मोडलेल्या झाडाचा फोटो सगळे काढतात. लिदीतून उगवलेलं रोप वाकून कोणी बघत नाही.

हत्ती दिवसाला १५० किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्माही त्याला पचत नाही. बाकीचा बियांसकट काही किलोमीटर पुढे जाऊन पडतो. पण या विषयात मला हत्तीपेक्षा गेंडा महत्त्वाचा वाटतो. नेपाळमधल्या चितवनच्या नदीकाठी पेटारीची झाडं आहेत. फळ टणक, पिकलं तरी हिरवटच. खाली पडलेली ही फळं गेंडा अख्खी गिळतो. गेंड्यांची विष्ठेची जागा ठरलेली असते, तिथे ढीगच साचतात, आणि पुष्कळ ढीग उघड्या गवताळ पट्ट्यात. पेटारीच्या रोपाला सावली सोसत नाही. आईच्या झाडाखाली ते खुरटतं, इथे मात्र ऊनही मिळतं आणि खतही. म्हणजे गवतात झाडी शिरते ती गेंड्यामुळे. आणि हाच गेंडा शेजारच्या जंगलात लिट्सियाची कोवळी झाडं वाकवून, शेंडे खाऊन वर्षानुवर्षं खुजी ठेवतो. तेव्हा ‘टिकतं की उजाड होतं’ असं विचारूच नका. कोणती झाडं वर जाणार आणि कोणती दबणार, हे हे प्राणी ठरवतात.

तरीही ‘कुंपण घालून प्राण्यांना बाहेर ठेवलं की आत कसं हिरवंगार होतं बघा’ हा युक्तिवाद येतोच, आणि तो मला अजिबात मान्य नाही. पहिली दोन-तीन वर्षं आत दाटी होणारच. रोपं किती हे मोजू नका, जाती किती ते मोजा. भराभर वाढणारी चार झाडं सावली धरतात आणि बाकीची मरतात.

कुंपणाच्या आत-बाहेर काय फरक पडतो ते करून बघायचं तर नीट करा. १० बाय १० मीटरचे सारखे चौकोन जोडीजोडीने आखा, निदान पाच-सहा जोड्या. जोडीतल्या कोणत्या चौकोनाला कुंपण घालायचं ते आखून झाल्यावर नाणं उडवून ठरवा, नाहीतर आधीच बरा दिसणारा तुकडा आपसूक निवडला जातो. सांबर असेल तर उंची निदान अडीच मीटर हवी. खाली वीतभर फट सोडा; ससे-उंदरांची वाट बंद केलीत तर फरक कुणामुळे पडला ते कळणार नाही. कडेचा एक मीटर मोजणीत घेऊ नका. रोपांना ॲल्युमिनियमचे बिल्ले बांधा आणि दरवर्षी त्याच महिन्यात उंची, बुंध्याची जाडी नि शेंडा खाल्लाय का ते लिहा. पावसाळ्यात फांदी पडून कुंपण वाकतं, एक सांबर रात्रभर आत चरून जातं आणि सगळी वर्षं वाया जातात. फेरी चुकवू नका.

एक मात्र खरं: जिथे शिकारी प्राणी संपलेत आणि हरणं बेसुमार वाढलीत, तिथे हे सगळं उलटतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी रुचकर रोपं खाऊन टाकली, खाली नेचे माजले, आणि त्या नेच्यांखाली नवं झाड उठायला मागत नाही. तिथे कुंपण घालावंच लागतं.