ओमची वही आणि सोळा इंचांचं पाऊल

"मॅडम, ह्याच्या डोक्यातलं ते खूळ तेवढं काढा," खुर्चीत टेकायच्या आतच आई म्हणाली. खूळ म्हणजे बिगफूट. उत्तर अमेरिकेच्या जंगलात दोन पायांवर फिरतो म्हणतात तो केसाळ, अजस्र प्राणी. नऊ वर्षांचा ओम (नाव बदललं आहे) चार महिने दुसरं काही बोलत नव्हता आणि हल्ली रात्री एकटा झोपायलाही तयार नव्हता. तो बाहेर गेल्यावर आईनं आवाज खाली आणून विचारलं, "हे काही वेगळंच तर नाही ना?"

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. "तुला खरं वाटतं हे सगळं?" असं मी विचारून बसले. त्यानं वही मिटली ती मिटलीच. हा प्रश्न त्यानं आधीही ऐकला असणार, त्यातल्या हसण्यासकट.

पुढच्या वेळी एवढंच म्हटलं, "वही बघू?" मधल्या पानात घडी घातलेलं, वर्तमानपत्राचं कापलेलं सोळा इंची पाऊल होतं. ते त्यानं फरशीवर अंथरलं, मला चप्पल काढायला लावली आणि माझं पाऊल त्यावर ठेवून बघितलं. "खूपच लहान आहे तुमचं." 1958 मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावर जेरी क्रू या बुलडोझरवाल्याला एवढे ठसे दिसले आणि बिगफूट हे नाव त्या बातम्यांतून गाजलं, हे मला ओमनं सांगितलं.

त्या ठशांचं पुढे काय झालं? ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मी गप्प बसले. बाबांबरोबर शोधून आण, म्हटलं. आठवड्यानं वहीत नोंद होती: त्या कामाचा ठेकेदार रे वॉलेस 2002 मध्ये वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडी पावलं काढून दाखवली. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे खोटे. मग बाकीचे?'

हा प्रश्न वाचून माझी काळजी बरीचशी मिटली. पडताळून बघणारं मूल भ्रमात नसतं. या वयात एखाद्या विषयाचा असा ध्यास लागतोच. डायनासोरचा असता तर आईनं कौतुकानं सांगितला असता. खाणं, मित्र, अभ्यास सगळं सुटलं असतं तर मी वेगळं बोलले असते.

भीतीचं कारण मात्र वहीत नव्हतंच. झोपण्याआधी तो मोबाईलवर किंकाळ्यांचे व्हिडिओ बघायचा. जेवणानंतर मोबाईल बंद आणि संध्याकाळी वीस मिनिटं बाबांबरोबर वही, एवढंच ठरवलं. बाबांनी आधी कुरकुर केली. तिसऱ्या आठवड्यात ओम आपल्या खोलीत झोपायला लागला, दिवा लावून का होईना.

मग आम्ही ओकापीवर आलो. कांगोच्या जंगलातला हा प्राणी शास्त्रज्ञांनी 1901 मध्ये नोंदवला, कारण त्याचं कातडं आणि कवट्या हाती आल्या. बिगफूटचे म्हणून दिलेले केस मात्र 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत अस्वल, घोडा, गाय अशा ओळखीच्या जनावरांचे निघाले. ओम थोडा हिरमुसला. मीही त्याची समजूत घालायला गेले नाही.

शेवटच्या भेटीला आला तेव्हा वहीत नवीन पान होतं: खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या पंजाचा चिखलातला ठसा, बाजूला पट्टीनं घेतलेलं माप. "हा कोणाचा ते मला माहितेय," तो म्हणाला, "पण तरी मोजला."