टोकन घेण्याआधी साक्षीदारांची यादी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बिटकॉइनला कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून तुम्ही त्यात आहात, आता ब्लॉकचेनवरच्या सोशल मीडियात तुम्हाला तीच सुरुवात दिसतेय, म्हणून सगळं लिखाण हाइव्ह या अशाच एका मंचावर हलवून तिथले टोकनही (तिथलं डिजिटल चलन) साठवावेत का? लिखाण खुशाल हलवा. टोकनांचं सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

हाइव्ह जिच्यातून निघाली ती स्टीम ही साखळी (ब्लॉकचेन) २०१६ साली सुरू झाली. दर तीन सेकंदांना एक ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा), व्यवहाराला शुल्क नाही, आणि पोस्टला मत पडलं की नव्याने तयार होणाऱ्या टोकनांतून लेखकाला वाटा. बिटकॉइनमध्ये ब्लॉक कोण जोडणार हे खाणकामाच्या, म्हणजे त्यासाठी राबणाऱ्या संगणकांच्या ताकदीवर ठरतं. इथे ते मतांवर ठरतं: ज्यांना जास्त मतं ते २० साक्षीदार (विटनेस) साखळी चालवतात. आणि मताचं वजन तुम्ही गुंतवून ठेवलेल्या टोकनांइतकं. खरी मेख इथे आहे.

सुरुवातीच्या दिवसांत स्टीम सुरू करणाऱ्या स्टीमिट कंपनीने स्वतःसाठी टोकनांचा मोठा साठा खणून ठेवला होता. तो समाजाच्या वाढीसाठी वापरू, साक्षीदारांना मत द्यायला नाही, असं नुसतं आश्वासन होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली, साठ्यासकट. घाबरलेल्या साक्षीदारांनी तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या एक्स्चेंजकडे (टोकनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे) ग्राहकांनी ठेवलेले टोकन सन यांच्या बाजूने मतदानात उतरले आणि निवडून आलेले साक्षीदार बघता बघता बाहेर फेकले गेले. ग्राहकांना कोणी विचारलंही नव्हतं. नंतर एक्स्चेंजनी मतं मागे घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता तुमच्या उत्साहाला बळ देणारा भाग. २० मार्च २०२० ला समाजाने साखळीच फोडली (फोर्क), म्हणजे तिची प्रत काढून वेगळी साखळी केली, आणि हाइव्ह उभी केली. खाती, जुन्या पोस्टी, फॉलोअर, शिल्लक, सगळं जसंच्या तसं नव्या साखळीवर आलं. वगळला तो मुख्यतः कंपनीचा साठा. (वादात विरुद्ध बाजूला उभ्या राहिलेल्या काही खात्यांनाही वगळलं. ते मला आजही पटत नाही.) मालक बदलला म्हणून अख्खी वस्ती आपलं सामान घेऊन उठून गेली, हे नेहमीच्या सोशल मीडियावर करून दाखवा! माझ्या लेखी या तंत्राची खरी कमाई ही आहे, मतांतून मिळणारे पैसे नव्हेत.

पैशांचं म्हणाल तर पोस्टचा हिशोब सात दिवसांनी होतो, त्यातला साधारण अर्धा मत देणाऱ्यांना जातो. गुंतवलेले टोकन काढायला १३ आठवडे लागतात, हप्त्याहप्त्याने. तोवर भाव कुठे असेल ते तुम्हाला मी काय सांगणार. बिटकॉइनची एकूण संख्या २.१ कोटींवर थांबते, इथे नवे टोकन येतच राहतात. बिटकॉइन नुसता धरून बसल्याने तुमचं भलं झालं, तो हिशोब इथे लावू नका.

‘सगळं कायमचं साखळीवर’ हेही थोडं तपासून घ्या. हाइव्हवर मजकूर साखळीवर असतो, चित्रं मात्र साध्या सर्व्हरवर. फारकास्टर या दुसऱ्या अशाच सोशल मीडियात ओळखीची नोंद साखळीवर झाली, पोस्टी साखळीबाहेर राहिल्या. आणि जो मजकूर साखळीवर गेला तो पुसता येत नाही. दुरुस्ती केली तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते, तेव्हा रागाच्या भरात काही लिहू नका.

किल्ल्यांचं (खात्याच्या गुप्त पासवर्डसारख्या ‘की’) तुम्हाला वेगळं सांगायला नको, फक्त इथे त्या एकाहून जास्त असतात. रोजच्या लिखाणाला पोस्टिंग की पुरते. पैसे हलवायला अ‍ॅक्टिव्ह की लागते, ती कुठल्याही नव्या अ‍ॅपला देऊ नका. ओनर की कागदावर लिहून कपाटात.

टोकन घ्यायचेच असतील तर आधी ब्लॉक एक्सप्लोरर (साखळीवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट) उघडा. वरच्या २० साक्षीदारांना कोणाची मतं आहेत ते बघा. त्यातली निम्मी वजनदार मतं तीन-चार खात्यांची निघाली, तर लिहा, वाचा, पण टोकन घेऊ नका.